जिभेचं चेकशीट

न्हावऱ्याजवळच्या एका मंगल कार्यालयात लग्न होतं आणि माइक माझ्या हातात होता. दारातून पांढऱ्या कपड्यांतले एक आप्पा आत आले आणि मला त्यांचं नाव आठवेना. माणूस अनोळखी असता तर गोष्ट वेगळी होती. पण या आप्पांची कांद्याची चाळ कुठं आहे, त्यांच्या कोणत्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यांची धाकटी सून कोणत्या गावची, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढं उभं होतं. नाव तेवढं गायब. मी म्हणालो, "आणि आत्ताच आपल्यामध्ये आगमन होत आहे, ज्यांचं आगमन होत आहे, असे आपल्या सर्वांचे लाडके..." लाडके कोण, ते काही केल्या तोंडातून निघेना. आप्पा मंडपाच्या मधोमध थांबून माझ्याकडं बघत राहिले. शेवटी नवरदेवाच्या चुलत्यानं माझ्या कानात नाव सांगितलं आणि मी ते इतक्या मोठ्यानं उच्चारलं की स्पीकर किंचाळला.

आमच्याकडं लग्नात अक्षतांच्या आधी तासभर नुसतं स्वागत चालतं. दारातून जो जो मानाचा माणूस येईल त्याचं नाव, पद, पद गेलं असेल तर माजी पद, हे निवेदकानं माइकवरून पुकारायचं. क्रम चुकला तर रुसवा, नाव राहिलं तर पुढची कितीतरी वर्षं त्या घराशी अबोला. कागद घेऊन हे काम होत नाही, कारण कोण कधी उगवेल याची यादी कुणाकडंच नसते. गाडीचं दार उघडलं की उतरणारा पाय बघून नाव जिभेवर यायला लागतं. मी रांजणगावला कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी करतो, पण सुट्टीच्या दिवशी आणि दाट तिथींना गेली बावीस वर्षं हे काम करत आलोय. शिरूरला आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या स्टेजवर पहिल्यांदा माइक हातात आला आणि तिथून तो मला गावोगावच्या मोठ्या बागायतदारांच्या मांडवात घेऊन गेला. एरवी मी कोणत्या वस्तीतला हे ज्यांच्या बरोबर लक्षात असायचं, तेच लोक मांडवात "या निवेदक साहेब, या" म्हणत खुर्ची पुढं करायचे. हे मला आवडायचं. खोटं कशाला बोलू, फारच आवडायचं.

म्हणून त्या दिवशी मोटारसायकलवर परत येताना मी आप्पांचं नाव घरापर्यंत घोकत आलो. घरी बायको शिलाई मशीनवर बसली होती. तिला सगळं सांगितलं. तिनं पायडल थांबवलं नाही, पण प्रश्न नेमका विचारला.

"दौंडच्या लग्नात असं झालं तर?"

दौंडला तिचा भाऊ राहतो. त्याच्या मुलीचं लग्न अडीच महिन्यांवर आलं होतं. ती मुलगी चौथीत असताना तिची आई वारली. तेव्हापासून माझी बायको दर दुसऱ्या शनिवारी यष्टीनं दौंडला जायची, पोरीचे केस धुवायची, वेण्या घालायची, शाळेचे फ्रॉक शिवून द्यायची आणि रविवारी परत यायची. कागदावर ती आत्या होती, एवढंच. मुलाकडची मंडळी बारामतीकडची, त्यांच्यात दोन प्राध्यापक आणि चारपाच भाषणं करणारे. मेहुण्यानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "दाजी, माइक तुमच्याकडं."

"पोरीला आई न्हाई," बायको म्हणाली. "तिच्या बाजूनं बोलणारं माणूस तरी अडखळाय नको. तेवढं एक लग्न नीट पार पाडा. मंग माइक टाकून द्या हवं तर."

तेव्हापासून मी जिभेच्या औषधाच्या मागं लागलो. शोधायला फार लांब जावं लागलं नाही, पहिलं औषध कंपनीच्या बसमध्येच भेटलं. आमच्या डिस्पॅचमधला एक गडी बसमध्ये शेजारी बसून साखळी पद्धतीनं वस्तू विकतो, कधी साबण, कधी प्रोटीन पावडर. त्यानं मला एक डबी दिली. डबीवर मेंदूचं चित्र, मेंदूतून पिवळी किरणं निघालेली. आत कसल्याशा परदेशी झाडाच्या पाल्याचा अर्क होता. "साहेब, याच्यानं बोलणं असं धबधबा सुटतं," तो म्हणाला. हे सांगताना तो स्वतः दोनदा अडखळला, तरी मी डबी घेतली. सोबत माशाच्या तेलाच्या कॅप्सूलही घेतल्या. त्या घेतल्यावर दिवसभर बोंबलाच्या वासाचे ढेकर यायचे. सुपरवायझरनं एकदा केबिनमध्ये डबा कुणाचा उघडा आहे म्हणून चौकशी केली.

दोन आठवडे मी दोन्ही गोष्टी खाल्ल्या आणि फरक पडला की नाही हेच मला कळेना. एखादं नाव पटकन आलं की वाटायचं कॅप्सूल लागू पडली. अडकलं की वाटायचं अजून रक्तात भिनली नसेल. इथं मला माझीच लाज वाटली. वीस वर्षं क्वालिटीत घालवलेला माणूस, मोजमाप न घेता माल पास करत होतो!

मोजायचं कसं ते डॉक्टरांनी दाखवलं. बायकोनंच मला शिरूरच्या एका डॉक्टरांकडं नेलं, कारण तिला भलतीच शंका येत होती आणि खरं तर मलाही येत होती. डॉक्टरांनी बऱ्याच गोष्टी विचारल्या, रक्त घेतलं आणि मग घड्याळ काढून म्हणाले, "एका मिनिटात जेवढे प्राणी आठवतील तेवढे सांगा." मी गाय, म्हैस, शेळी अशी दावणीपासून सुरुवात केली, जंगलात शिरलो, हत्तीपाशी अडकलो आणि सतरावर मिनिट संपलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "विसरण्याच्या आजाराची लक्षणं मला दिसत नाहीत. नावं अशी कधीमधी सगळ्यांचीच अडकतात, वयाबरोबर थोडी जास्त." रक्तात बी-बारा मात्र कमी निघालं. त्याची इंजेक्शनं सुरू झाली. मी त्यांना विचारलं, "यानं वाणी सुधारेल?" ते हसले. "कमी आहे ते भरून निघेल. वाणीचं मी लिहून देत नाही. आणि बाहेरचं काही खाणार असाल तर आधी मला सांगून खा."

पुढं इंजेक्शनांनी जिना चढताना लागणारा दम कमी झाला. नावांचं दुखणं तसंच राहिलं. पण मला त्या एका मिनिटाचं वेड लागलं. माणसाच्या जिभेला मोजता येतं, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

मी कंपनीत करतो तसं चेकशीट आखलं. आडव्या रेघेवर दिवस, उभ्या रेघेवर शब्द. भाज्या, प्राणी, भांडी, गावं, अवजारं अशा चिठ्ठ्या करून स्टीलच्या डब्यात टाकल्या, म्हणजे रोज एकच विषय येऊन पाठांतर नको. एका वेळी एकच औषध, तीन आठवडे, मग बदल. आणि तुलनेला एक नमुना असा पाहिजे की ज्याला काहीच दिलेलं नाही. तो नमुना म्हणजे बायको.

"मला कशाला?" ती म्हणाली.

"तू काही खायचं नाहीस, म्हणून."

"ते तर मला चांगलं जमतं," ती म्हणाली आणि मशीन चालवता चालवताच तयार झाली. पहिल्या दिवशी भांडी आली. माझी अठरा, तिची चौदा. स्वयंपाकघरात आयुष्य काढलेल्या बाईची चार भांडी कमी आली याची मी तिला दिवसभर आठवण करून दिली.

मग माझा मोर्चा बाजारातल्या काष्ठौषधीच्या दुकानाकडं वळला. तिथले म्हातारे मामा कान देऊन ऐकत असतात, अर्धं दुखणं त्यांना सांगूनच हलकं होतं. त्यांनी ब्राह्मीचं चूर्ण काढलं, शंखपुष्पी काढली, मग वेखंडाचा तुकडा हातात धरून म्हणाले, "हे लेकरांना. सहाणेवर दोन वेढे, मधात. बोल फुटाय लागत्यात. मोठ्या माणसानं जास्त खाल्लं तर उलट्या." म्हणजे मला लहानपणी हे चाटवलं असणार. बायकोलाही. मेहुण्यालाही. तरी मेहुणा चार माणसांत उभा राहिला की त्याचा घसा बंद होतो. मामांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "त्याला कमी चाटवलं आसंल." अशा उत्तरापुढं चेकशीट काय करणार?

डॉक्टरांना विचारून ब्राह्मी तीन आठवडे घेतली. झोप छान लागली. शब्द सतरा, अठरा, सतरा. त्यानंतर आमच्या विभागातल्या एका तरुण इंजिनिअरनं त्याच्या ऑनलाइन मागवलेल्या गोळ्या दिल्या, चहातला एक अर्क आणि कॉफीतला एक. तो परीक्षेच्या काळापासून घेतो म्हणाला. त्या दिवशी मी पहिल्या वीस सेकंदांत चौदा भाज्या फेकल्या. बायकोचे डोळे मोठे झाले. नंतर तिनं पेन्सिलीनं खुणा केल्या आणि म्हणाली, "वांगी तीनदा आली." वेग वाढला होता, मालात भर नव्हती. शिवाय छातीत धडधडायला लागलं, म्हणून त्या गोळ्या मी दुसऱ्याच दिवशी परत केल्या.

शेवटचा प्रयोग अक्कलकाऱ्याचा. जीभ जड असेल तर चिमूटभर, असं मामा म्हणाले होते. चिमटीचं माप मला ढिलं वाटलं, म्हणून मी मुळीचा तुकडाच दाढेखाली धरला, तोही सकाळच्या मीटिंगच्या पाच मिनिटं आधी. आधी जिभेला मुंग्या आल्या. मग जीभ आहे की नाही तेच कळेना आणि तोंडात लाळेचा झरा फुटला. तीस माणसं रांगेत उभी, मी बोर्डापुढं. "काल आपलं रिजेक्शन" एवढं म्हणालो आणि हनुवटीवरून धार लागली. बिहारचा एक ऑपरेटर काळजीनं म्हणाला, "सर, दाँत निकलवाए क्या?" मी मान हलवली. त्या दिवशी आमच्या लाइनची मीटिंग खुणांवर झाली. ही वस्तू मी डॉक्टरांना न विचारता खाल्ली होती, त्यामुळं तक्रारीलाही जागा नव्हती.

त्या संध्याकाळी मी चेकशीट पसरून बसलो. माझी रेघ टेबलावर ठेवलेल्या पट्टीसारखी सपाट. काहीही न खाल्लेल्या नमुन्याची रेघ मात्र चढत गेलेली. चौदा, सोळा, एकोणीस, बावीस, सव्वीस. मी दोनदा बेरीज तपासली. कारखान्यात असं झालं असतं तर मी आधी मोजणाऱ्यावर संशय घेतला असता. इथं मोजणारा मीच होतो.

"तू चोरून काही खातेस का?" मी विचारलं.

तिला हसू आवरेना. "काय खाणार? मी तिथं जाऊन येते."

"कुठं?"

"भांडी म्हणलं की मांडणीपुढं उभी राहते. वरच्या फळीपासून खाली येते. भाज्या म्हणलं की बाजारात शिरते, एका बाजूनं बघत जाते. गावं म्हणलं की दौंडच्या यष्टीत बसते. न्हावरं आलं, चौफुला आला, वरवंड, पाटस. मधी उतरणारी माणसं ज्या गावाची, ती गावं. शोधायचं कशाला? दिसतंय ते सांगायचं."

मी शब्द डोक्यात धुंडाळत होतो आणि ही चक्क फिरायला जात होती. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वांगं म्हटलं की रंग आहे, देठाचा काटा आहे, भरलं वांगं आहे. शब्दाला धरायला दहा दोऱ्या आहेत. माणसाच्या नावाला अशी एकही दोरी नसते. गुडघा, चाळ, सून हे सगळं त्या आप्पांना चिकटलेलं होतं, त्यांच्या नावाला नाही. नाव नुसतं वापरानं टिकतं, हे मला तेव्हा अर्धवट समजलं. मला वाटलं, पूर्ण समजलं.

उरलेले दिवस मी औषध बंद ठेवलं आणि तिच्या पद्धतीनं फिरलो. दौंडच्या पाहुण्यांची यादी बायकोकडून घेतली आणि एकेकाला यष्टीतल्या एकेका सीटवर बसवलं. प्राध्यापक पुढं, पंचायत समितीचे माजी सदस्य खिडकीशी, मेहुण्याचे रेल्वेतले सोबती मागच्या बाकावर. रोज कंपनीच्या बसमध्ये डोळे मिटून त्यांची नावं ओठांतल्या ओठांत म्हणायचो. लोकांना वाटायचं मी ध्यान करतोय.

लग्नाच्या दिवशी दुपारी माझी जीभ अशी चालली की बारामतीकडचे प्राध्यापकसुद्धा एकमेकांकडं बघायला लागले. कुणीही दारातून आलं की नाव हजर. मागच्या बाकावरच्या रेल्वेवाल्यांतलासुद्धा एक राहिला नाही. वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं, वधूवरांनी हार घातले, फुलं पडली. मी फुगलो होतो, हे कबूल करतो. बायको पहिल्या रांगेत बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर पोरीचं एक मोठं काम निर्विघ्न पार पडल्याचं समाधान दिसत होतं.

तेवढ्यात मेहुण्यानं माझ्या हातात चिठ्ठी दिली. त्याच्या अक्षरात एकच ओळ होती. शेवटी ताईचा सत्कार, आईच्या जागी. हे त्यानं आम्हाला दोघांनाही आधी सांगितलं नव्हतं. मोठ्या नावाआधी मी आवाज खाली घेतो, तसा घेतला.

"ज्यांनी या लेकीला आईची उणीव भासू दिली नाही, त्या वधूच्या आत्या आणि माझ्या सहचारिणी, आयुष्मती..."

पुढं काही नाही.

नावाचं पहिलं अक्षरसुद्धा नाही. सगळ्या सीटवर माणसं बसवली होती मी, त्या यष्टीत ती कुठंच नव्हती. यादी तिनं सांगितली होती, तिला यादीत कोण घालणार? मांडवातून मदतीला आवाज आले. "ताई!" "वहिनी!" "मावशी, या की!" स्टेजवरून नवरी म्हणाली, "आत्या, ये ना." मेहुणा तोंडावर हात ठेवून उभा. सगळा मांडव तिला हाका मारत होता आणि त्यातली एकही हाक नाव नव्हती. तिचं नाव मी रेशन कार्डावर लिहिलंय, गॅसच्या पुस्तकावर, पोरांच्या शाळेच्या अर्जांवर. हातानं. तोंडानं गेली सव्वीस वर्षं "अगं" आणि "ऐकलं का". जे मी एकदाही उच्चारलं नव्हतं ते ऐन वेळी जिभेवर कुठून येणार होतं? मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ती उठली. पदर सावरून पायऱ्या चढली आणि माझ्या हातातून माइक घेतला. तिनं तो फार जवळ धरला होता, म्हणून मी तिचा हात थोडा मागं घेतला. तिनं आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग वडिलांचं. मग आमचं आडनाव.

"मी हिची आत्या," ती म्हणाली. "हिची आई आसती तर आज ती इथं बोलली आसती. मी तिच्या जागी न्हाई उभी. तिच्या शेजारी उभी हाय आसं समजा. हिचे केस लय गुंतायचे. शनिवारी गेलं की दोन तास त्यातच जायाचे आन् ही मला शाळेतलं सगळं सांगायची. मला वाटायचं, गुंता सुटूच नये लवकर." माणसं हसली. नवरी रडायला लागली. बायको आणखी थोडं बोलली आणि कुठंही अडखळली नाही. मुलाकडच्या थोरल्या प्राध्यापकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

पाठवणी झाल्यावर आम्ही चालतच दौंडच्या यष्टी स्टँडवर आलो. बाकावर बसल्यावर मी तिला म्हणालो की माझं चुकलं, आणि राग आला असेल तर स्पष्ट बोल.

"तुमचा न्हाई आला," ती म्हणाली. "समदी हाका मारत व्हती तवा आला. भाऊ म्हणतोय ताई, जावा म्हणत्यात वहिनी. एकालाबी जमलं न्हाई. मग तुमचं एकट्याचं काय घेऊन बसायचं?"

ती बाटली भरायला नळाकडं गेली. तेवढ्यात शिरूरची गाडी फलाटाला लागली आणि लोक दाराकडं धावले. मी बॅग टाकून जागा धरली आणि खिडकीतून तिला हाक मारली, तिच्या नावानं. ती बाटलीचं झाकण लावत राहिली. मी पुन्हा हाक मारली, मांडवातल्या आवाजात. मग तिनं वर बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मी कुणाला बोलावतोय ते बघायला स्वतःच्या मागं वळली.